दोन वॅटचा दादा

माझ्या थोरल्या भावाला त्याच्या धंद्यातली माणसं 'दोन वॅट' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तो चिडत नाही. त्याच्या वाटणीचं मी चिडते. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे राग माझ्या नाकावरच असतो, त्याला बोलवावं लागत नाही.

नावामागची गोष्ट साधी आहे. दादा व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बनवतो. काचेच्या नळ्या, आत केशरी उजेड, चुकून हात लागला तर चटका. बाजारातली यंत्रं शंभर वॅट, दोनशे वॅट अशा गमजा मारत असताना हा गृहस्थ आयुष्यभर दोन वॅटांवर अडून बसला. "दोन वॅटमध्ये काय होतं हो? डास तरी उठेल का?" असं कुणी विचारलं की तो वाद घालत नाही. वाद घालायला लागणारा आवाजच त्याच्याकडे नाही, तो बोलतोही दोन वॅटमध्येच. तो त्या माणसाला कामाच्या खोलीत नेतो आणि कोपऱ्यातल्या कर्ण्यांसमोर बसवतो.

ते कर्णे सिनेमागृहातले. तिथे दादाने तीस वर्षं आवाज सांभाळला. सिनेमागृह बंद पडलं तेव्हा मालकाने सगळ्यांना सांगितलं, आठवण म्हणून काय हवं ते न्या. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी भिंतीवरचं घड्याळ नेलं. दादाने पडद्यामागचे चार कर्णे मागितले. एकेक कर्णा म्हणजे दोन माणसं आडवी झोपतील एवढा. घरात आणताना दाराची चौकट काढावी लागली. वहिनीने तेव्हा काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा देताना फक्त विचारलं, "आता आपण दोघं कुठे राहायला जायचं?"

त्या कर्ण्यांचा गुण असा की त्यांना फार थोडं लागतं. एक वॅट दिला तरी घर भरून टाकतात. हल्लीचे ते शेलाटे डबे असतात ना दिवाणखान्यात ठेवायचे, ते पन्नास वॅट ओतल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. अशा डब्याला दोन वॅटचं यंत्र जोडलं की ते कुजबुजतं, आणि लोक यंत्राला नावं ठेवतात. दादाचं म्हणणं, दोष कुणाचाच नाही, जोडी चुकली. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर मागायला कुणी आलं की मुलीच्या बापासारख्या त्याच्या चौकशा सुरू होतात. घरी स्पीकर कोणते? खोली केवढी? जमिनीवर काय अंथरलंय? उत्तरं पटली नाहीत तर तो यंत्र देत नाही. "तुमच्याकडे ते सुखी राहणार नाही," असं त्याने एका डॉक्टरांना माझ्यासमोर सांगितलं होतं. डॉक्टर आधी हसले, मग रागावले, आणि सहा महिन्यांनी कुठून तरी जुने कर्णे मिळवून परत आले.

पण असल्या कर्ण्याची एक खोडही आहे. तो गाणं मोठं करतो तशी यंत्रातली खोटही मोठी करतो. शेलाट्या डब्यात जी खोट कुणाला कळणार नाही, ती इथे चव्हाट्यावर येते. ही खोट दोन प्रकारची. एक 'घूं', खालच्या सुरातली. दुसरी 'सूं', अगदी वरची, बारीक. छोटा पहिला व्हॉल्व्ह म्हातारा झाला, किंवा नवाच सदोष निघाला, की बहुधा ती येते. म्हणून दादाची एक रीत होती. नवीन यंत्र कुणाच्या घरी बसवलं की तो आधी गाणं लावायचा नाही. यंत्र चालू करून, सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसतं ऐकायला लावायचा. "आधी याची शांतता ऐका," म्हणायचा. त्या मिनिटात कर्ण्यातून काहीही यायचं नाही, आणि दादाच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचा भाव असायचा. त्याची सगळी पत त्या एका मिनिटावर होती. इतरांची यंत्रं वाजायची चांगली, पण दादाची गप्प बसायची चांगली, आणि ते त्याच्या कानामुळे, असं सगळे मानायचे. तोही मानायचा.

आता वहिनी. वहिनी घरातलं सगळं नीट करते, पण तीनएक वर्षांपासून तिचा हात वेंधळा झाला होता. निदान दादा तसं सांगायचा. यंत्र तयार झालं, दादा आंघोळीला गेला, की वहिनी त्या खोलीत फडकं मारायला शिरायची. तो बाहेर आला की अपराधी चेहऱ्याने उभी. "अहो, फडकं मारताना तो पुढचा बारका व्हॉल्व्ह हलला बहुतेक. धक्का लागला माझा."

मग दादा डोकं हलवत तो व्हॉल्व्ह काढायचा, नवा घालायचा, आणि काढलेला एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. त्या डब्यावर त्याने चिठ्ठी चिकटवली होती, 'हिचे प्रताप'.

"तुझ्या वहिनीसमोर मी हात टेकले बघ," तो मला म्हणायचा. "मोठ्या व्हॉल्व्हला कधी धक्का लागत नाही, नेमका बारक्यालाच लागतो. आणि गंमत म्हणजे मी नंतर ते कान लावून तपासतो ना, तर एकही बिघडलेला नसतो. उगाच बदलतो मी."

"मग बदलू नकोस," मी म्हणायचे.

"तिचं मन राखायला," तो म्हणायचा.

मी शहाणी, गणिताची बाई. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. हे धक्के सुरू व्हायच्या थोडंच आधी वहिनीला ताप आला होता, तेव्हा दादाने नवा थर्मामीटर आणला. काखेत ठेवला की थोड्या वेळाने टीं टीं वाजणारा. दादा म्हणाला, हा वाजतच नाही. त्याने तो उघडला, आतली चकतीएवढी बॅटरी बदलली, पुन्हा बंद केला, आणि म्हणाला, अजून वाजत नाही, माल फालतू आहे. तो माझ्यासमोर चांगला टीं टीं वाजत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीने पांघरुणातून माझा हात घट्ट दाबला. मला वाटलं तापामुळे दाबला. एवढी माझी अक्कल.

मग गाण्याच्या बाईंचं काम आलं. ते मीच आणलं, म्हणून त्याचा दोष थोडा माझ्याकडेही येतो. निवृत्त झाल्यावर मी एका गाण्याच्या वर्गात जायला लागले होते. या वयात माझ्या गळ्यातून काय निघतं ते सोडा, पण वेळ बरा जायचा. वर्ग एका कापडाच्या दुकानावरच्या लांब खोलीत भरायचा. तिथे बाई जुन्या गायकांच्या तबकड्या ऐकवायच्या, एका फुटकळ यंत्रावर. मी दादाचं नाव सुचवलं. दादा येऊन खोली बघून गेला, टाळ्या वाजवून भिंती ऐकल्या, आणि खूश झाला. चारातले दोन कर्णे तो तिथे द्यायला तयार झाला. जोडी जमली होती.

काम सुरू असतानाच वहिनीच्या बहिणीच्या मोतीबिंदूचं निघालं आणि वहिनी पंधरा दिवस तिकडे गेली. जाताना तिने तीनदा विचारलं, "मी आल्यावरच न्या ना ते यंत्र. एवढी काय घाई आहे?" दादा हसून म्हणाला, "तू नसताना एक तरी यंत्र धक्का न लागता घराबाहेर पडेल." आणि नवे बारके व्हॉल्व्ह संपलेले असल्यामुळे त्याने 'हिचे प्रताप' उघडला. सगळे चांगलेच तर होते. त्याने स्वतः तपासले होते.

यंत्र बसवलं त्या दिवशी सकाळी अकराला वर्गात वीसबावीस माणसं होती. मी पुढे बसले होते, भावाची बहीण म्हणून जरा ताठच. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. व्हॉल्व्ह तापले, केशरी उजेड आला. दादाने हात वर केला.

"आधी याची शांतता ऐका," तो म्हणाला.

सगळे गप्प झाले. आणि कर्ण्यातून सूं असा आवाज येत राहिला.

फार मोठा नव्हता. पण त्या लांब खोलीत, बावीस माणसं श्वास रोखून बसलेली असताना, तेवढाच आवाज होता. मी दादाकडे पाहिलं. तो हात वर करून हसत उभा होता. पहिल्या आलेल्या मुलासारखाच.

आमच्या वर्गात एक निवृत्त पोस्टमन आहेत, फार सज्जन. ते हळूच उठले, मागच्या मोरीत गेले आणि परत येऊन म्हणाले, "नळ बंदच आहे."

"कसला नळ?" दादाने विचारलं.

"नाही, पाण्याचा आवाज येतोय ना. मला वाटलं कुणी चालू ठेवला."

दादाने खोलीभर पाहिलं. कुणी जमिनीकडे बघत होतं, कुणी बाईंकडे. एकदोघांचे डोळे कर्ण्याकडे होते. दादा कर्ण्याजवळ गेला, वाकला आणि त्याने आपला कान आत घातला. किती वेळ तो तसा होता मला सांगता यायचं नाही. मग त्याने दुसरा कान लावला. सरळ उभा राहून तो माझ्याकडे वळला.

"तुला येतो?"

खोटं बोलायचं होतं मला. देवाशपथ सांगते, बोलायचं होतं. पण दादाने मला लहानपणी रेडिओसमोर बसवून ऐकायला शिकवलं होतं. त्याला मी 'नाही' कशी म्हणणार?

"येतो, दादा."

त्याने बटण बंद केलं. मागून कुणीतरी, अगदी सहज, "हां, आता थांबला" म्हणालं. दादाने मान डोलावली. त्याच्यासाठी काहीच थांबलं नव्हतं.

बाई त्याला खूप चांगलं बोलल्या. होतं असं, नवीन आहे, सवडीने करा. तो "हो, हो" म्हणाला आणि यंत्र पोटाशी धरून जिना उतरला. मी पिशवी घेऊन मागे. घरी आल्यावर त्याने कामाच्या खोलीचं दार ओढून घेतलं. दोन माणसांची यंत्रं अर्धी झालेली होती, त्यांना त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला. "घेऊन जा. मला आता हे जमणार नाही." मी भांडले, समजावलं, पुन्हा भांडले. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष माझ्या ओठांकडे होतं, आणि हे तो किती वर्षं करतोय असा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला. तिसऱ्या दिवशी मी वहिनीला फोन लावला.

सगळं तिने ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न. "व्हॉल्व्ह कुठला घातला होता? डब्यातला?"

"हो. तुला कसं कळलं?"

"बाई गं," ती म्हणाली. "मी टाकून द्यायला हवे होते ते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

बहिणीला धाकट्या भाच्याच्या हवाली करून वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी तिथेच होते. ती चप्पल काढून थेट दादासमोर येऊन बसली, पाणीसुद्धा प्यायली नाही.

"मला धक्का लागत नव्हता," ती म्हणाली. "एकदाही लागला नाही. तुम्ही आंघोळीला गेलात की मी यंत्र चालू करायचे आणि कर्ण्याला कान लावायचे. सूं येत असला की तुम्हाला सांगायचे की धक्का लागला."

दादा तिच्याकडे बघत राहिला. "प्रत्येक वेळी?"

"येत असला तरच. चांगलं असलं की मी फडकं मारून निघून जायचे."

"कधीपासून?"

"तो थर्मामीटर तुम्ही उघडलात ना, तेव्हापासून."

आणि मग मी माझ्या जन्मात पहिल्यांदा दादाला मोठ्याने बोलताना ऐकलं. "तीन वर्षं? तीन वर्षं तू मला वेड्यात काढलंस?"

"तुम्हाला नाही," वहिनी म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. "मी स्वतःला वेंधळी म्हणवून घेतलं. आल्यागेल्यासमोर, वन्संसमोर, माहेरी आलेल्या आपल्या मुलीसमोर. डब्यावर नाव लावलंत माझं. हसले मी. तुम्हाला कसं सांगणार होते? तुमच्याकडे दुसरं काय आहे?"

हे शेवटचं तिला बोलायचं नव्हतं, ते तिच्या तोंडून निघून गेलं. दादा उठला आणि बाहेर फिरायला गेला. वहिनी पदर तोंडाला लावून रडली आणि मी, कुणाचं रडणं सहन न होणारी, तिच्यासाठी चहा करायला गेले आणि दूध उतू घालवलं.

दोन दिवसांनी मी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे ढकलतच नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्याला वेगवेगळे सूर ऐकवले, ऐकू आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला तो झटपट बटण दाबत होता, मग त्याचा अंगठा नुसता बटणावर थांबून राहिला. डॉक्टरीणबाईंनी आलेख छापून समोर ठेवला आणि समजावून सांगायला लागल्या. दादाने त्यांना थांबवलं. असले आलेख त्याने आयुष्यभर पाहिले होते, स्पीकरचे. खालच्या बाजूला रेघ सरळ होती, मध्येही बरी होती, आणि मग एकदम खाली गेली होती. त्याने त्या उतारावरून बोट फिरवलं.

"हा स्पीकर मी कुणाला दिला नसता," तो म्हणाला.

कानात घालायचं यंत्र मिळालं. त्याने माणसांचं बोलणं पुष्कळ सुधारलं, थर्मामीटरही वाजायला लागला. पण त्या यंत्राचा स्वतःचाच एक सूं होता. कर्ण्याचा कुठला आणि कानातला कुठला, ते त्याला वेगळं करता येईना. म्हणजे कामासाठी ते काही उपयोगाचं नव्हतं. अर्धवट यंत्रांचे मालक अजून आले नव्हते. गाण्याच्या बाईंचा निरोप येऊन गेला होता की कर्णे इथेच आहेत, वाट बघताहेत. दादा निरोप ऐकून पेपर वाचत बसला. मला वाटलं, संपलं. आयुष्यभराचं काम एका मोरीच्या नळापाशी संपलं. त्या आठवड्यात मी वर्गात गेलेच नाही.

निरोप आल्यापासून आठव्या दिवशी सकाळी मी गेले तर कामाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत बाईंचं यंत्र टेबलावर चालू होतं आणि वहिनी घरी उरलेल्या दोन कर्ण्यांसमोर खुर्चीत बसली होती. हातात फडकं नव्हतं. दादा यंत्राशी उभा होता, समोर पाचसहा बारके व्हॉल्व्ह ओळीने मांडलेले. मी दारातच थांबले.

"हा?" दादा विचारत होता.

"येतोय."

त्याने यंत्र बंद केलं, व्हॉल्व्ह निवायची वाट पाहिली, रुमालाने धरून काढला, दुसरा घातला, पुन्हा तापायची वाट पाहिली. हे सगळं त्याच्या पद्धतीने, बिलकूल घाई नाही.

"हा?"

वहिनीने कर्ण्यात डोकं घातलं. "कमी आहे. पण आहे."

"उजवीकडे की डावीकडे जास्त?"

"मला काय ते कळतं?"

"कळतं. तीन वर्षं कळतंय. सांग."

ती पुन्हा वाकली, डोळे मिटले. "डावीकडे."

तिसरा घातला. चौथा घातला. चौथ्याला वहिनी कितीतरी वेळ आत डोकं घालून राहिली आणि मग म्हणाली, "नाही. काहीच नाही."

दादाने पुन्हा तपासून बघितलं नाही. कान लावायला वाकला नाही. त्याने कागदावर त्या व्हॉल्व्हचा नंबर लिहिला आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला. यंत्र चालूच होतं. दोघंही कर्ण्याकडे बघत होते. मी आत जाणार होते, पण पाय उचलला नाही.

"ए," दादा म्हणाला. त्याच्या नेहमीच्या, खालच्या आवाजात. "कसा असतो गं तो?"

"कोण?"

"सूं. कसा येतो तो? मला आठवत नाही आता."

वहिनीने जरा विचार केला. "पातेल्यात पाणी ठेवतो ना आपण. उकळी यायच्या बरंच आधी, अजून बुडबुडेसुद्धा नसतात, तेव्हा ते एक बारीक आवाज करतं. तसा. पण संपत नाही. पाणी तापतच राहतं."

दादाने डोळे मिटून घेतले. तो ऐकत होता, कर्ण्याला नाही, तिला.

"अजून सांग," तो म्हणाला.